ज्याने लावला, त्याने

"मॅडम, मला एवढंच सांगा," शिंपी म्हणाला, "फोन कट झाला की मी लगेच बायकोला परत लावतो, तर तिचा एंगेज. दर वेळी. एवढ्यात ही बोलते तरी कोणाशी?"

"तुमच्याशी," मी म्हणाले.

"माझ्याशी कुठं? माझा तर लागतच नाही."

"कारण त्याच वेळी ती तुम्हाला लावत असते. तुम्ही तिला, ती तुम्हाला. मग दोघांनाही एंगेजच लागणार."

पलीकडे शिंप्याने कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "असं होय." बिचाऱ्याने मनात काय काय घेऊन दिवस काढले होते ते त्या दोन शब्दांवरून कळलं.

"आता मी सांगते तसं करायचं. कट झाला तर ज्याने लावला होता, त्यानेच परत लावायचा. दुसऱ्याने हात बांधून बसायचं. आणि लागला की पुढचं बोलायच्या आधी विचारायचं, कुठपर्यंत ऐकलंस? बायकोलाही सांगून ठेवा. बरं, बोलताना तुम्ही दुकानात कुठे असता?"

"इथेच, कपाटाला टेकून."

"कपाट लोखंडी?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"दारात उभं राहून बोला. तरी फरक पडला नाही तर टॉवर बघायला माणूस पाठवते."

मी एका मोबाइल कंपनीच्या तक्रार विभागात आहे, आणि माझं टेबल कट होणाऱ्या फोनचं. बिल, रिचार्ज, हरवलेलं सिम ही दुखणी दुसऱ्या टेबलांची. माझ्याकडे येतात ते मधेच तुटलेले. सासू-सून, दलाल-गिऱ्हाईक, नवे प्रेमात पडलेले, जुने भांडणारे, सगळे. माणूस माझ्यावर ओरडतो, कारण तो काहीतरी सांगत होता आणि ते सांगायचं राहून गेलं. त्याला ओरडून घेऊ द्यायचं आणि मग विचारायचं, बोलताना कुठे होता. फोनचा दोष असतो, नाहीतर जागेचा, नाहीतर टॉवरचा. मला बरेचदा नुसत्या आवाजावरून कळतं. घुमला की बाथरूम, शब्द मधूनमधून गिळले गेले की फोन खिशात ठेवून कानात लावलेली वायर, एकदम कापल्यासारखा गेला की लिफ्ट. ही बढाई आहे, आणि ती मारायचा मला हक्क आहे. त्या खुर्चीत बसून माझी कंबर गेली आहे, ती काही फुकट गेलेली नाही.

तो नियम मात्र कंपनीचा नाही. तो आमच्या घरचा, म्हणजे बाबांचा.

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दुसऱ्या गावाला फोन करायचा तर आधी नंबर सांगून वाट बघत बसावं लागे, त्या काळातले. समोर भोकांचा मोठा बोर्ड, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. एका टोकाला घंटा द्यायची, मग दुसऱ्या टोकाला, आणि दोघंही आले की म्हणायचं, "बोला, लाइन जोडली आहे." म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. हे वाक्य ते घरीही वापरायचे. आई आणि मी रुसून बसलो की दोघींच्या मधे येऊन उभे राहायचे आणि त्याच सुरात म्हणायचे, "बोला, लाइन जोडली आहे." मग कितीही राग असला तरी हसू यायचंच. आवाज असा की त्यांनी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी पलीकडचा माणूस सावरून बसायचा. एक्स्चेंज बंद झालं, बोर्ड भंगारात गेला, बाबा निवृत्त झाले, आई गेली, बाबा माझ्याकडे राहायला आले. आवाज होता तसाच राहिला.

नियमाच्या बाबतीत ते फार कडक. लावणाऱ्याने परत लावायचा. दुसऱ्याने मधेच लावला तर तो शुद्ध बावळटपणा. मला आणि धाकट्याला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो दूरच्या शहरात कागदाच्या कारखान्यात यंत्रांवर असतो. बायको-पोरं तिकडेच.

तर गेलं वर्षभर बाबा आणि धाकटा एकमेकांशी बोललेले नव्हते. आणि येत्या गुरुवारी बाबांचा आवाज जाणार होता.

घशात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही."

"अजिबात?" बाबांनी विचारलं.

"कुजबुजसुद्धा नाही. नंतर काही शिकवता येतं, पण तुमच्या वयात मी शब्द देणार नाही."

"निदान खरं तरी बोलता तुम्ही," बाबा म्हणाले. बाहेर आल्यावर बाकावर बसले, बुटाची नाडी पुन्हा बांधली आणि मान वर न करता मला म्हणाले, "धाकट्याला यातलं काही कळता कामा नये."

"का म्हणून?"

"आजारपण दाखवून मला फोन मागायचा नाही. ऑपरेशन होऊ दे, मग सांग."

"मग सांगून काय उपयोग बाबा? तेव्हा तुम्ही बोलणार काय त्याच्याशी?"

"तेव्हा बोलायचा प्रश्नच उरणार नाही. मिटलं."

मला भयंकर संताप आला. त्यांनी माझ्याकडून शपथ मात्र घेतली होती, आणि ती मी दिली होती. त्यांना नाही म्हणणं मला लहानपणापासून जमलेलं नाही.

शिंप्याचा फोन आला तो सोमवार. त्या संध्याकाळी घरी पोचले तर बाबा आणि आमचे हे पत्ते खेळत बसलेले. हे मुद्दाम हरत होते आणि बाबा ते ओळखून चिडत होते. बाबांचा आवाज तोवर बराच बसला होता, पण फोडणी दिल्यासारखा तडका अजून होता त्यात.

"बाबा, आज तरी लावा," मी पर्स ठेवता ठेवता म्हणाले.

"काय लावू?"

"धाकट्याला फोन."

"त्याने लावला होता. कट झाला. परत त्याने लावायचा."

"वर्ष झालं बाबा."

"नियमाला मुदत नसते," ते म्हणाले आणि पान टाकलं.

मी आतल्या खोलीत जाऊन धाकट्याला फोन केला. माझ्याशी तो बोलतो. अगदी रोज म्हणा ना.

"ताई, परत तेच नको," तो म्हणाला. "बाबांनी लावला होता. माझ्या फोनवर त्यांचं नाव आलं, मी उचलला. सरळ आहे."

"खोटं बोलू नकोस. बाबांचा फोन मी तेव्हाच बघितला होता. तुझा आलेला म्हणून दिसत होता."

"आणि माझ्यावर त्यांचा आलेला दिसत होता."

"दाखव मग."

"कुठून दाखवू? तो फोन पाण्यात पडला."

"बरं पाणी मिळतं रे तुला सोयीचं," मी म्हणाले. लहानपणी फुलदाणी फोडून मांजरावर ढकलणारा हाच. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हणाले. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही आणि मागणारही नाही, कारण फुलदाणी त्यानेच फोडली होती.

तो त्यावर वाद घालत बसला नाही. मग म्हणाला, "मी त्या दिवशी काय बोललो ते तुला सांगितलंय ना? ते बडबडत होते, हे असं कर, ते तसं कर. मी वैतागून म्हटलं, आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेत, घरात आमच्याशी कधी बोललात का? आणि कट. आपटला त्यांनी."

"आपटायला तो जुना काळा फोन आहे का?"

"आपटला नसेल. पण परत लावला नाही ना. मी रात्रभर वाट बघितली. मीच लावणार होतो ताई, खरं सांगतो. मग वाटलं, ज्या माणसाने हा नियम केला तोच मोडतोय म्हणजे त्याला माझ्याशी बोलायचंच नाही."

बाबांच्या आजाराची गोष्ट जिभेच्या टोकावर आली होती. एका वाक्याचं काम होतं. पण गिळली, आणि मुलांची चौकशी करून फोन ठेवला.

बाहेर आले तर बाबा गॅलरीत एकटे उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. तेच म्हणाले, "त्याला मी विचारलं होतं."

"काय?"

"येऊ का तुझ्याकडे थोडे दिवस, असं. तुझी आई गेल्यापासून मनात होतं. विचारलं, तर लाइन गेली. परत आली नाही. उत्तर कळलं मला."

बाबांनी कोणाला 'येऊ का' असं विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते येत असत, नाहीतर येत नसत. विचारणं हा त्यांचा प्रकारच नव्हे. आणि धाकट्याने एवढ्या वेळा ते भांडण मला सांगितलं, त्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. म्हणजे त्याच्या कानापर्यंत तो पोचलाच नव्हता. लाइन जाताना दोघंही एकदम बोलत होते. माझ्या टेबलावर हे रोजचं आहे. दोघांनाही वाटतं आपलं सगळं पोचलं आणि पलीकडचा गप्प बसला.

"त्याने ऐकलंच नाही बाबा," मी म्हणाले.

"ऐकलं नसतं तर परत लावून विचारलं असतं, काय म्हणत होता म्हणून. शिकवलंय मी त्याला." एवढं बोलून ते खोकत आत गेले.

त्या रात्री हे मला म्हणाले, "तुझ्या नोकरीत एवढ्या लोकांचे फोन जोडतेस. हा एक जुळेना?" त्यांनी सहज म्हटलं होतं, पण मला ते झोंबलं. खरंच जुळत नव्हता. दोष फोनचा नव्हता, जागेचा नव्हता, टॉवरचाही नव्हता. दोन खरं बोलणारी माणसं होती आणि दोघांचं म्हणणं एकदम खरं असणं शक्य नव्हतं. धाकटाच खोटा, असं मी पुन्हा एकदा ठरवून टाकलं आणि कूस बदलली.

मंगळवारी कामावर गेले. आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा रंगकाम चाललं होतं, म्हणून तिथला पडताळणी विभाग उचलून आमच्यात आणून बसवला होता. माझ्या शेजारी त्यांचा एक मुख्य माणूस आला होता. त्याला सगळे टिकमार्क म्हणतात. तक्रार आम्ही घेतो, दुरुस्ती बाहेरची माणसं करतात, आणि दुरुस्ती खरंच झाली का हे तपासून तक्रारीपुढे शेवटची खूण मारायचं काम याचं. त्याचा हेडफोन सामानात कुठेतरी गेला होता, त्यामुळे तो सगळं स्पीकरवर ऐकत होता आणि आम्हालाही ऐकवत होता.

"हॅलो?" एका बाईचा आवाज आला.

"हॅलो, बोला," एक पुरुष.

"तुम्ही बोला."

"अहो बाई, तुम्ही बोला. फोन तुम्ही केलाय."

"मी? मी भांडी घासत होते. तुमचा आला म्हणून हात पुसून उचलला."

"मी शिडीवर आहे. शिडीवरून कशाला करीन? नळ उद्या बसवून देतो म्हटलं ना, सारखे फोन कशाला करता?"

"मी केला नाही म्हणते ना."

"मग काय आपोआप आला?"

टिकमार्क हसून हसून टेबलावर आडवा झाला होता. तसाच एक बटण दाबून म्हणाला, "दोन्हीकडे आवाज स्वच्छ. तक्रार बंद."

"हे काय होतं?" मी विचारलं.

"पडताळणी. मशीनच दोघांना फोन लावतं आणि जोडून देतं. दिवसभर हीच करमणूक असते, ताई. तुम्ही वर कधी आला नाहीत."

"पण ते एकमेकांना तुम्ही केला, तुम्ही केला का म्हणतायत?"

"दोघांच्याही फोनवर दुसऱ्याचं नाव दिसतं ना. कंपनीचा नंबर दिसला तर कोण उचलणार आहे?"

"म्हणजे दोघांनाही वाटतं समोरच्याने लावला."

"वाटू द्या की. बोलतात ना? आपल्याला तेवढंच तपासायचं."

मी माझा हेडफोन काढून ठेवला. "आणि बोलता बोलता कट झाला तर?"

"झाला तर झाला. एकदा जोडला गेला की खूण लागते."

गेल्या वर्षी बाबांनीच कटकट केली होती. धाकट्याशी बोलताना सारखी लाइन जाते, तू कसली एवढी मोठी लागून गेलीस तिथे, म्हणून. घरच्यांची तक्रार स्वतः हाताळायची नाही असा आमच्याकडे दंडक आहे, म्हणून मी ती नोंदवून दुसऱ्या टेबलावर दिली. चारच दिवसांत दुरुस्त झाल्याचा निरोप आला होता. मी बाबांना मोठ्या ऐटीत तो वाचूनही दाखवला होता.

"टिकमार्क," मी म्हणाले, "एक जुनी तक्रार बघून दे."

त्याने शोधली. "हो, ही बघा. दोघांना लावला, जोडला गेला, बंद केली." तारीख बाबा आणि धाकट्याचं बोलणं तुटलं त्याच दिवशीची होती.

"किती वेळ चालला?"

"ते कोण बघतं, ताई?"

यावर मी त्याला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. पण कोणाला तरी बोलणं भाग होतं आणि तो शेजारी होता. संपूर्ण विभाग माना वर करून बघत होता. मग मी डोकं दुखतंय म्हणून साहेबांना सांगितलं आणि लवकर निघाले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. इतकं मोकळं डोकं मला कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं.

घरी बाबा गुरुवारची पिशवी भरत होते. टॉवेल, दाढीचं सामान, चष्म्याचं घर. मी त्यांना पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मशीन, दोन्हीकडे एकमेकांचं नाव, टिकमार्क, खूण. ते टॉवेलची घडी घालत ऐकत होते. पण 'दोघांनाही फोन जातो' म्हटल्यावर त्यांचा हात टॉवेलवर थांबला.

"दोन्हीकडे घंटा," ते म्हणाले.

"हो."

"दोन्हीकडे घंटा दिली, आणि मधला माणूस बोललाच नाही?"

"मधे माणूसच नसतो बाबा. मशीन असतं."

"मग त्याला बोलायला शिकवा. 'लाइन जोडली आहे' एवढं सांगायला काय जातं? मी नवीन लागलो तेव्हा आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मधल्याने तोंड उघडलं नाही तर दोन्हीकडचे एकमेकांना शिव्या देतात." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी पाठीवर हात फिरवला. बघते तर ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "म्हणजे त्याने लावला नव्हता."

"नाही. आणि तुम्हीही नाही. त्याला वाटतंय तुम्ही आपटला."

"गाढव आहे." मग त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. "आणि मी कोण आहे? वर्षभर बसलो तसाच."

"मग लावा आता."

"मी नाही लावला, मी कसा लावू?"

मी कपाळाला हात लावला. बाबांपुढे ब्रह्मदेव आला असता तरी नियम सुटला नसता.

"लावला मधल्याने," ते शांतपणे म्हणाले. "परत लावायचा तोही मधल्यानेच. तू त्याच कंपनीत आहेस ना?"

टॉवरवाल्या बाईच्याच फोनला घरात सिग्नल नाही, हा आमच्या इमारतीतला जुना विनोद आहे. पूर्ण सिग्नल मिळतो तो फक्त स्वयंपाकघरात, खिडकीशी, ओट्याच्या कोपऱ्याला चिकटून उभं राहिलं की. मी तिथे उभी राहिले. आधी धाकट्याला लावला.

"फोन ठेवू नकोस," मी म्हणाले. "तुला जोडून देतेय."

"कोणाशी?"

"गप्प उभा राहा."

त्याला तसाच धरून ठेवून मी बाबांना लावला. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोन वाजला. दारातून मला ते दिसत होते. त्यांनी लगेच उचलला नाही. शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला, पाठ ताठ केली. मग उचलला आणि म्हणाले, "हॅलो."

आवाज फाटका होता. तरी पलीकडे धाकटा सावरून बसला असणार, हे मला इथे उभ्या उभ्या कळलं.

मी दोघांच्या लाइनी एक केल्या. आणि म्हणाले, "बोला, लाइन जोडली आहे."

मग माझा माइक बंद केला आणि फोन कानापासून लांब धरला. ऑपरेटरने ऐकायचं नसतं. बाबांना त्यांच्या काळी दोऱ्या तशाच ठेवून बाजूला होता यायचं. मला ती सोय नव्हती. मी फोन बंद केला की दोघंही तुटणार होते, आणि जागा सोडली तरी तुटणार होते. म्हणून मी खिडकीशी हात पुढे करून तशीच उभी राहिले. हे पाणी प्यायला आले तर त्यांना मी डोळ्यांनीच बाहेर घालवलं. हात भरून आला, खांदा दुखायला लागला. बाहेर बाबांचा आवाज खाली-वर होत होता. मधे खूप वेळ शांतता होती, तेव्हा लाइन गेली की काय म्हणून माझा जीव टांगणीला लागला, पण पडद्यावर दोन्ही नावं जागेवर होती. मला ऐकायचं नव्हतं असं नाही. कान इतके आसुसले होते की मी नळ सोडून ठेवला.

पुष्कळ वेळाने बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. "झालं," ते म्हणाले. "काढ लाइन."

"काय म्हणाला?"

त्यांनी आधी नळ बंद केला. "तिकडे थंडी फार असते म्हणतो. स्वेटर लागेल."

मी ओट्याला टेकून रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले आणि जुना तपकिरी स्वेटर कोणत्या ट्रंकेत आहे, असं विचारत राहिले.

घशाचं त्यांनी धाकट्याला स्वतःच सांगितलं होतं. बुधवारी दुपारी तो दारात उभा होता, पाठीवर पिशवी, दाढी वाढलेली. मला म्हणाला, "आता कोण खोटारडं?" मी त्याला फुलदाणीची आठवण करून दिली. त्या दिवशी बाबा झोपेपर्यंत बोलत होते. हे थकू नका म्हणाले, तर बाबा म्हणाले, "जाणारच आहे, तर शिल्लक कशाला ठेवू?" आईबद्दल बोलले, एक्स्चेंजबद्दल बोलले, धाकट्याच्या कारखान्यातल्या यंत्रांची त्यांनी बारीक चौकशी केली. घरात कधी बोललात का, याचं उत्तर ते देत होते. धाकटा उशी मांडीवर घेऊन नुसता ऐकत होता.

गुरुवारी त्यांना आत न्यायच्या आधी नर्सने नाव विचारलं. बाबांनी उठून बसून नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं. ती पोरगी नकळत सरळ उभी राहिली. मी त्यांच्याकडून ऐकलेले शेवटचे शब्द ते.

आता बाबा धाकट्याकडे असतात. तब्येत चांगली आहे. नातवंडांना ते लिहून दाखवतात, आणि त्यांच्याकडून शुद्ध अक्षरात उत्तर मागतात. पण दर रविवारी सकाळी मला फोन करतात. धाकट्याने सांगून बघितलं, बाबा, ताईला मेसेज लिहा, नाहीतर तोंड दिसेल असा फोन करा. बाबांनी पाटीवर लिहून दिलं, फोन म्हणजे फोन. त्यामुळे बोलते मी. ते नखाने फोनवर वाजवतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि सारखं टकटक केलं की मी काहीतरी मूर्खासारखं बोलले आहे असं समजायचं.

गेल्या रविवारी मी त्यांना शिंप्याचं सांगत होते. टॉवर दुरुस्त झाल्यावर त्याने आभार मानायला मुद्दाम फोन केला, शेजारी बायको होती, तिनेही मागून नमस्कार सांगितला, आणि मग ती म्हणाली की, आणि इथे लाइन गेली.

माझा अंगठा सवयीने त्यांच्या नावावर गेला. मी तो मागे घेतला. फोन टेबलावर ठेवला आणि हात बांधून बसले.

"लाव की तू," हे पेपरातून डोकं काढून म्हणाले. "त्यांना बोलता येत नाही, ते काय—"

"त्यांनी लावला होता," मी म्हणाले.

हे पुन्हा पेपरात गेले. गॅसवरचं दूध वर आलं, ते मी उठून खाली उतरवलं आणि परत येऊन बसले. खाली कोणीतरी गाडी धुवत होतं. बराच वेळ गेला. मग फोन वाजला.

उचलला. पलीकडे काही नाही. नीट कान दिल्यावर गळ्यातून येणारा तो खरखरीत श्वास ऐकू आला, आणि मग नख, एकदा.

"हो बाबा, कट झाला होता," मी म्हणाले. "कुठपर्यंत ऐकलंत? शिंप्याच्या बायकोपर्यंत?"

टक.

मी तिथून पुढे सांगायला सुरुवात केली.